दगडाला पाझर फुटतो

कठोर माणसाचे मन द्रवले की आपण म्हणतो, दगडाला पाझर फुटला. म्हणजे न होणारी गोष्ट झाली. पण भूगर्भाचा अभ्यास करणाऱ्यांना विचारा. ते सांगतील की आपल्या सह्याद्रीत दगडाला खरोखरच पाझर फुटतो आणि पावसाळा सरल्यावर ओढ्यानद्यांना जी धार राहते, ती बरीचशी या पाझराचीच असते.

अंबरनाथ-बदलापूरकडे सुटीच्या दिवशी पाण्याकाठी फिरायला जाणारे पुष्कळ. कोणी कोंडेश्वरच्या कुंडाकडे जातात, कोणी उल्हासच्या काठी, तर कोणी वालधुनीकाठच्या शिवमंदिराशी. अशा वेळी खडकातून झिरपणारी एखादी धार दिसली की मुले ओंजळ पुढे करतात आणि विचारतात, हे पाणी येते कुठून?

ते वरून येते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले. आपला काळा कातळ तो हाच. त्यातले काही थर सच्छिद्र आणि भेगाळलेले, तर काही अगदी घट्ट आहेत. पावसाचे पाणी भेगांतून खाली उतरते, घट्ट थराशी अडते आणि आडवे सरकू लागते. डोंगरउतारावर किंवा नदीकाठी तो थर उघडा पडला, की तिथे ते बाहेर येते. त्यालाच आपण झरा म्हणतो. उन्हापासून दूर राहिलेले हे पाणी वैशाखातही गार लागते.

म्हणजे झऱ्याचे तोंड बागेत असले, तरी त्याचे घर वरच्या टेकडीवर असते. आपण मात्र तोंडाशी फरशी बसवतो, कठडा बांधतो, दिवे लावतो आणि तिकडे टेकडी कापून काँक्रीट ओततो. मग पाणी मुरणार कुठे? पावसाळ्यात त्याचा लोंढा होतो आणि चैत्रात झरा आटतो. पुण्यात बावधनला राम नदीकाठी असाच एक जिवंत झरा आहे. तो वाचावा म्हणून नागरिक आणि भूजल-अभ्यासक झटले, ते एवढ्याचसाठी.

आपल्या भागाचे तर पाण्याशी जुने नाते आहे. अंबरनाथचे मंदिर शके ९८२चे, म्हणजे इसवी सन १०६०चे. ते वालधुनीच्या काठी उभे राहिले. काकोळ्याला रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी धरण बांधले. सिंधूचा प्रदेश सोडून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतीला १९४९ साली नाव मिळाले, तेही नदीचे : उल्हासनगर. पण खाली त्याच उल्हासनगरातून वाहताना वालधुनीचे गटार झाले. नदी गेली तरी नाव उरते; नाव पिऊन तहान मात्र भागत नाही.

आणखी एक सांगायला हवे. झऱ्याचे पाणी नितळ दिसते म्हणून ते निर्धोक असतेच असे नाही. वरच्या वस्तीतल्या शौचखड्ड्यांचे पाणीही त्याच भेगांतून उतरू शकते. तेव्हा तपासणी केल्याशिवाय ते पिऊ नये.

वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी जपून वापरावे, अशी पैगंबरांची शिकवण सांगितली जाते. नदीला पाणी कमी पडेल म्हणून नव्हे. हाताला सवय राहावी म्हणून. आता बागेत झरा दिसला, तर त्यात साबण, निर्माल्य, पिशव्या जाऊ देऊ नका. भोवतीची माती उघडी राहू द्या. आणि मुलांना झरा दाखवून झाला, की मान वर करून टेकडीही दाखवा.