भूमिका आणि तटस्थता : निसर्गसंरक्षण संस्था आणि शस्त्रपरवान्याचा वाद

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :

• 'तटस्थ', 'उदासीन' आणि 'निःपक्षपाती' या शब्दांतील अर्थभेद सांगता येईल.
• शस्त्रधोरणाच्या वादात निसर्गसंरक्षण संस्था तटस्थ का राहतात, याची कारणमीमांसा करता येईल.
• तटस्थतेच्या मर्यादा ओळखता येतील.
• संस्थेच्या वतीने भूमिका मांडणारे निवेदन लिहिता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण व्यक्तीच्या वैचारिक लेखनाचा विचार केला. व्यक्ती आपले मत स्वतःच्या जबाबदारीवर मांडते. संस्थेच्या नावाने लिहिताना मात्र शेकडो सभासद, देणगीदार आणि लाभार्थी यांच्या वतीने बोलावे लागते. अशा वेळी काय म्हणावे याइतकाच काय म्हणू नये हाही प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

एक कल्पित प्रसंग घेऊ. कल्याण तालुक्यात, टिटवाळा आणि वासिंद या स्थानकांच्या मध्ये, भातसा नदीच्या काठी खडवली हे गाव आहे. समजा, या परिसरातील एका शेतकऱ्याच्या तयार भातात रानडुकरांचा कळप लागोपाठ तीन रात्री शिरला. त्याने पीकसंरक्षणासाठी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला आणि निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या स्थानिक न्यासाकडे शिफारसपत्र मागितले. त्याच आठवड्यात शहरातील काही प्राणिमित्रांनी, गावोगावच्या बंदुका काढून घ्याव्यात, या निवेदनावर त्याच न्यासाची सही मागितली. न्यासाच्या चिटणीसांनी दोघांना काय उत्तर द्यावे? आपण या चिटणीसांच्या जागी आहात असे समजून पुढील विवेचन वाचावे.

२. विषय-विवेचन

२.१ तीन शब्द, तीन अर्थ

'तटस्थ' हा शब्द 'तट' आणि 'स्थ' यांपासून बनला आहे. तटावर, म्हणजे काठावर उभा असलेला, हा त्याचा मूळ अर्थ. काठावरच्या माणसाला प्रवाहाची दिशा, खोली आणि वेग पाण्यात उतरलेल्या माणसापेक्षा अधिक स्पष्ट दिसतो. 'उदासीन' माणसाला प्रवाहाशी काही कर्तव्यच नसते. 'निःपक्षपाती' हा शब्द मुख्यतः निवाडा करणाऱ्याला लागू पडतो. तो निर्णय देतो, परंतु कोणाकडे झुकत नाही. तटस्थ संस्था निर्णय देत नाही, मात्र तिचे लक्ष असते. हा भेद ध्यानात ठेवल्यास पुढील चर्चा सुकर होईल.

२.२ बंदूक आणि निसर्गाभ्यास

आज वन्यजीवसंरक्षण आणि बंदूक या परस्परविरोधी गोष्टी वाटतात. इतिहास मात्र गुंतागुंतीचा आहे. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. संस्थेच्या आरंभीच्या सभासदांत शिकारीची आवड असणारे अनेक जण होते. १९११ मध्ये संस्थेने सुरू केलेल्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणातील नमुने प्रायः बंदुकीने व सापळ्यांनी मिळवलेले होते. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांची या विषयाशी गाठ पडली तीही बालपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीमुळे. तिची ओळख पटवण्यासाठी ते याच संस्थेत गेले होते.

अमेरिकेत हा संबंध कायद्यातच बांधलेला आहे. तेथील १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार लांब नळीच्या बंदुका व काडतुसे यांवर ११ टक्के अबकारी कर आकारला जातो आणि तो निधी राज्यांच्या वन्यजीवसंवर्धनासाठी वापरला जातो. शिकारी हाच तेथे संवर्धनाचा एक मोठा आर्थिक आधार आहे. अशा देशात पाणथळ जागा वाचवणाऱ्या संस्थेत बंदूकनियंत्रणाचे समर्थक आणि विरोधक शेजारीशेजारी बसतात. संस्थेने एक बाजू घेतली तर अर्धे सभासद दुरावतात आणि पाणथळ जागेला त्याचा काहीच लाभ होत नाही.

२.३ भारतातील कायद्याची चौकट

भारतात बंदूक बाळगणे हा परवान्याचा विषय आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्यात भारतीयांना परवाना सक्तीचा होता आणि युरोपियनांना सवलत होती. त्यामुळे परवान्याला मानापमानाचाही एक इतिहास आहे. सध्याचा शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे. त्याच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. ती अपुरी पडेल अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची अन्य बंदूकही मंजूर करता येते.

परंतु बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने वन्यप्राण्यांच्या शिकारीस मनाई केली आहे. कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकृत केलेला अधिकारी विशिष्ट परिस्थितीत लेखी परवानगी देऊ शकतो. रानडुकरासारख्या प्राण्याच्या बाबतीत उभ्या पिकाला असलेला धोका हे असे एक कारण आहे. म्हणजे आपल्या शेतकऱ्याला दोन वेगवेगळी दारे ठोठवावी लागतात.

या दोन कायद्यांची गाठ कलम ३४ मध्ये पडते. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या परिघात नवीन शस्त्रपरवाना द्यावयाचा असल्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती आवश्यक आहे. ठाणे जिल्ह्यात तानसा अभयारण्य असल्याने ही तरतूद आपल्या परिसरातील अनेक गावांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

२.४ संस्था तटस्थ का राहतात?

याची प्रमुख कारणे चार आहेत.

(अ) उद्देशाची मर्यादा : महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यास १९५० च्या विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदले जातात. न्यासाचा पैसा नोंदलेल्या उद्देशासाठीच खर्च व्हावा, हे विश्वस्तांचे कर्तव्य आहे. 'नागरिकाने शस्त्र बाळगावे की नाही' हा प्रश्न सुरक्षा, गुन्हेगारी आणि नागरी हक्क यांचा आहे. वनसंवर्धनाच्या उद्देशात तो आपोआप बसत नाही.

(आ) कायदेशीर सावधगिरी : २०१० च्या परकीय अंशदान कायद्यानुसार राजकीय स्वरूपाच्या संघटनेला विदेशी देणगी घेता येत नाही. सार्वजनिक प्रश्नावर आवाज उठवणारी प्रत्येक संस्था राजकीय ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही अनेक विश्वस्त वादग्रस्त विषयांपासून दूर राहणे पसंत करतात.

(इ) विश्वासार्हता : बिबट्या विहिरीत पडला की शेतकरी, वनरक्षक आणि प्राणिमित्र या तिघांनाही एकाच वेळी संस्थेची गरज भासते. एका गटाची ठरलेली संस्था दुसऱ्याच्या बांधावर जाऊ शकत नाही.

(ई) ज्ञानाची मर्यादा : रानडुकरांच्या सवयींविषयी संस्थेला अधिकाराने बोलता येते. परवान्यांची संख्या आणि गुन्हे यांच्या संबंधाविषयी तसे बोलता येत नाही.

२.५ तटस्थता कोठे संपते?

यवतमाळ जिल्ह्यातील 'टी-१' अर्थात 'अवनी' वाघिणीचे प्रकरण आपणांस आठवत असेल. पांढरकवडा-राळेगाव परिसरातील १३ माणसांच्या मृत्यूंशी तिचा संबंध जोडला गेला होता. बेशुद्ध करणे शक्य न झाल्यास तिला ठार करावे, या आदेशात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये नकार दिला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती खासगी नेमबाजाच्या गोळीने मारली गेली. तिला बेशुद्ध करण्याचा पुरेसा प्रयत्न झाला होता काय, यावरून मोठा वाद उसळला.

या प्रकरणात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले होते. खासगी व्यक्तींच्या हाती बंदूक असावी का, हा पहिला प्रश्न. त्यावर वन्यजीवसंस्था तटस्थ राहू शकते. वाघिणीबाबत कायद्याने सांगितलेली कार्यपद्धती पाळली गेली का, हा दुसरा. तो थेट संस्थेच्या उद्देशातला आहे. येथे मौन पाळणे म्हणजे कर्तव्यात कसूर करणे होय. तसेच दुसऱ्या बाजूचे भानही सुटू नये. ज्यांच्या घरातील माणूस गेला, त्यांच्या दुःखाचा उल्लेखही न करणाऱ्या निवेदनाला तटस्थ म्हणता येणार नाही.

तटस्थतेची आणखी एक किंमत असते आणि ती बहुधा दुर्बलाला मोजावी लागते. शेतकऱ्याला शिफारसपत्र नाकारून चिटणीस घरी गेले तर न्यासाची प्रतिमा शाबूत राहील, पण भात राहणार नाही. हताश शेतकरी कुंपणात वीज सोडतो किंवा फासे लावतो. त्यात रानडुकराबरोबर बिबट्या मरतो आणि कधी शेजारचा माणूसही. म्हणून परवान्याच्या प्रश्नावर तटस्थ राहणाऱ्या संस्थेवर एक जबाबदारी येते. पंचनामा वेळेत व्हावा, नुकसानभरपाईचा अर्ज पूर्ण भरला जावा, रात्रीची राखण सामुदायिक व्हावी, यांसाठी तिने शेतकऱ्याबरोबर उभे राहिले पाहिजे.

संस्थेची तटस्थता प्रामाणिक आहे की भीतीपोटी आहे, हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. देणगीदार वेगळे असते तर संस्थेने हेच उत्तर दिले असते का, असे स्वतःला विचारावे.

२.६ निवेदनाची भाषा

पुढील दोन नमुने ताडून पाहा.

नमुना १ : 'सदर विषय संवेदनशील असल्याने संस्था यावर कोणतेही भाष्य करू इच्छित नाही.'

नमुना २ : 'शस्त्रपरवाना द्यावा अथवा देऊ नये, याविषयी शिफारस करणे न्यासाच्या उद्देशात बसत नाही. म्हणून आम्ही कोणत्याही बाजूच्या निवेदनावर सही करत नाही. मात्र या शिवारात रानडुकरांमुळे पिकाची हानी झाल्याचे आमच्या कार्यकर्त्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. त्या पाहणीची प्रत आम्ही वनविभागाला व अर्जदाराला देत आहोत. भरपाईच्या अर्जासाठी आमचे कार्यकर्ते साहाय्य करतील.'

पहिला नमुना उदासीन आहे. दुसऱ्यात नकाराचे कारण आहे, तो नकार दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे, पाहिलेले तथ्य लपवलेले नाही आणि पुढील कृती सांगितली आहे. उत्तम तटस्थ निवेदनाची ही चार लक्षणे आपण ध्यानात ठेवावीत.

३. सारांश

निसर्गसंरक्षण संस्था शस्त्रधोरणाच्या वादात तटस्थ राहतात, कारण तो प्रश्न त्यांच्या उद्देशाबाहेरचा असतो आणि दोन्ही बाजूंचा विश्वास त्यांच्या कामाला आवश्यक असतो. वन्यजीवविषयक कायद्याच्या पालनाबाबत मात्र त्यांना गप्प राहता येत नाही. काठावर उभे राहणाऱ्याने बुडणाऱ्याला हात देण्याचे टाळू नये, एवढे भान तटस्थतेत अभिप्रेत आहे.

४. स्वाध्याय

१. 'तटस्थ' आणि 'उदासीन' यांतील फरक आपल्या परिसरातील उदाहरणाने स्पष्ट करा.
२. कलम ३४ मुळे शस्त्रपरवान्याचा प्रश्न वन्यजीवसंस्थेच्या उद्देशात येतो, असे आपणांस वाटते का? सकारण लिहा.
३. प्रस्तावनेतील प्राणिमित्रांना न्यासाच्या वतीने सुमारे १०० शब्दांत उत्तर लिहा.
४. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावापासून सर्वांत जवळचे अभयारण्य कोणते आणि ते किती किलोमीटरवर आहे, हे नकाशावरून शोधा. वन्यप्राण्यांमुळे पिकाची हानी सोसलेल्या एका शेतकऱ्याशी बोलून त्यांचे म्हणणे स्वतःचे मत न मिसळता लिहून काढा.