पेशीतील धरण आणि ‘चरबी जाळणारी’ गोळी

पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगारांना एक विचित्र त्रास होऊ लागला. दरदरून घाम फुटायचा, अंग तापायचे, वजन झपाट्याने उतरायचे. काही जण दगावलेही. कारण होते स्फोटकांत वापरली जाणारी पिवळी भुकटी, डायनायट्रोफिनॉल अर्थात ‘डीएनपी’. १९३३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी हाच पदार्थ वजन घटवण्यासाठी वापरला आणि पाहता पाहता तो औषधांच्या दुकानांत सर्रास मिळू लागला.

डीएनपीने वजन का उतरते, हे समजण्यासाठी पेशीत डोकवावे लागेल. आपण खाल्लेल्या भाकरीचे ग्लुकोज होते. पण पेशी आपली बहुतेक कामे थेट ग्लुकोजवर करू शकत नाही. तिला लागतो एटीपी नावाचा रेणू. शरीरात कोणत्याही क्षणी त्याचा साठा असतो थोडाच. तोच पुन्हा पुन्हा वापरला आणि बनवला जातो. दिवसभरातील या उलाढालीची बेरीज जवळपास आपल्या वजनाइतकी भरते.

यातील बहुतांश एटीपी तंतुकणिकांमध्ये तयार होतो. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. या प्रवासात सुटणाऱ्या ऊर्जेवर तंतुकणिकेच्या आतल्या पटलापलीकडे प्रोटॉन उपसले जातात. धरणात पाणी साठावे तसे ते तिथे साठतात. परत येताना त्यांना एका प्रथिनातून वाट मिळते. धरणाच्या पाण्यावर जनित्र फिरावे तसे हे प्रथिन फिरते आणि एटीपी बनतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये प्रोटॉनच्या या साठ्याची कल्पना मांडली. सुरुवातीला अनेकांना ती पटली नाही. १९७८ मध्ये मात्र त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

डीएनपी या धरणाच्या भिंतीलाच गळती लावतो. प्रोटॉन जनित्राला वळसा घालून परत येतात. इंधन जळत राहते, पण एटीपी पुरेसा बनत नाही. बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. तूट भरून काढण्यासाठी शरीर आणखी चरबी जाळते. वजन उतरते ते यामुळे आणि जीव जातो तोही यामुळेच.

नेहमीच्या तापात मेंदू शरीराचे तापमान वाढवतो, म्हणून पॅरासिटामॉलचा उपयोग होतो. इथे पेशी न् पेशी तापलेली असते. तिथे ती गोळी निष्प्रभ ठरते. डीएनपीवर नेमका उतारा नाही. वजन घटवणारी मात्रा आणि जीवघेणी मात्रा यांत अंतरही फार थोडे. मृत्यू आणि मोतीबिंदूच्या तक्रारींनंतर १९३८ मध्ये अमेरिकेत त्याचा हा वापर थांबवण्यात आला.

गंमत म्हणजे अशी गळती निसर्गानेही ठेवली आहे. नवजात बाळाच्या तपकिरी चरबीत एक प्रथिन हेच काम करते आणि बाळाला ऊब देते. फरक इतकाच, की ती गळती ठरावीक पेशींतच असते आणि गरज संपताच थांबवता येते.

डीएनपी मात्र आजही इंटरनेटवर ‘फॅट बर्नर’ म्हणून छुप्या मार्गाने विकला जातो. २०१५ मध्ये इंटरपोलने त्याबद्दल जगभर इशारा दिला होता. त्यामुळे घटक न लिहिलेली, झटपट बारीक करण्याची हमी देणारी गोळी किंवा भुकटी घेऊ नये. कोणी घेतली असेल आणि अंग तापून घाम फुटत असेल, तर घरी वाट न पाहता पाकिटासह तातडीने रुग्णालय गाठावे.