टर्बोच्या आधी कॉम्प्रेशन तपासा

जुन्या पेट्रोल गाडीला टर्बो बसवला की ताकद वाढते, तसा सिलिंडरमधला दाब आणि उष्णताही वाढते. वापरलेलं इंजिन हा भार सोसेल का, याचा पहिला अंदाज कॉम्प्रेशन टेस्ट देते.

इंजिन गरम करून सगळे स्पार्क प्लग काढतात. इंधन व इग्निशन बंद ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडून स्टार्टर फिरवतात. समजा, गेजवर १७०, १६८, १७२ आणि १२५ पीएसआय असे आकडे आले. सरासरी पाहून समाधान मानू नये. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यातला फरक साधारण १० टक्क्यांच्या आत हवा. इथे तो २७ टक्के आहे.

कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर बहुधा पिस्टन रिंगा झिजलेल्या असतात. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट तपासावं लागतं.

आकडा कंपनीने दिलेल्यापेक्षा बराच जास्त आला, तरी खूश होऊ नये. आत कार्बन साचलेला असू शकतो. टर्बोच्या दाबाखाली त्यामुळे नॉकिंग होऊन पिस्टन फुटू शकतो. म्हणून दुरुस्ती आधी, टर्बो नंतर.