ट्रेमधलं पाणी कुठून आलं?

बॉस्टनला आल्यावर पहिल्यांदा स्कॅलप आणले, तेव्हा हात कोकणातल्या सवयीनंच चालले. दोनतीन पाण्यांतून धुतले, हळद-मीठ-लिंबू चोळून अर्धा तास मुरवले आणि ब्रॉयलरखाली सरकवले. दहा मिनिटांनी ट्रे ओढला, तर दुधट पाण्याच्या डबक्यात खोडरबरं बसलेली! "आच कमी पडली," मैत्रिणीचं निदान. आच बिचारी निर्दोष होती.

मुळात स्कॅलपला तिसऱ्यांचे नियम लावणं चूक. तिसरीचा सगळा गर आपण खातो. अमेरिकेत मिळणारी स्कॅलपची पांढरी चकती हा फक्त शिंपला मिटणारा स्नायू असतो. हा प्राणी शिंपले फडफडवत पोहतो, म्हणून तो स्नायू एवढा गलेलठ्ठ. युरोपात त्याला लागून असलेली केशरी गाभोळीही आवडीनं खातात. 'तोंड मिटलेलेच घ्यावेत' हेही इथे गैरलागू. स्कॅलप पाण्याबाहेर फार तग धरत नाही, त्यामुळे मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डसारख्या बंदरांतल्या बोटींवर तो समुद्रातच सोलून, कापडी पिशव्यांत भरून बर्फात ठेवतात.

पांढरेशुभ्र तेच ताजे, या समजुतीनं मी फसले. बर्फासारखे पांढरे, टरटरीत फुगलेले आणि दुधट पाण्यात बसलेले स्कॅलप बहुधा सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटच्या द्रावणात भिजवलेले असतात. या क्षारामुळे स्नायू पाणी पितो आणि धरून ठेवतो. वजनाच्या भावानं ते पाणी आपण विकत घेतो आणि आच लागली की ते ट्रेमध्ये उतरतं. वर साबणासारखी चव येते ती वेगळीच. न भिजवलेल्यांना इथे 'ड्राय' म्हणतात. म्हणजे सोड्यांसारखे वाळवलेले नव्हेत. ते हस्तिदंती, कधी गुलाबीसर, क्वचित केशरी छटेचे असतात. हात लावला की किंचित चिकट लागतात. कोळणीसमोर उभं राहून विचारतो तसं इथेही सरळ विचारावं. पाकीट असेल तर मागचा मजकूर वाचावा. गोठवलेल्यांना नाक मुरडू नये. ड्राय असतील, तर आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवले की झालं.

आता आमच्या धुण्याबद्दल. एकदा विसळणं पुरे. कडेला एक चिवट पट्टी असते, ती बोटानं ओढली की सुटते. मग कागदी रुमालानं अगदी कोरडे टिपायचे. मीठ आयत्या वेळी. लिंबू तर नंतरच, कारण आंबटानं हे मांस आचेशिवायच घट्ट होऊ लागतं. पेरू देशातला सेविचे हा पदार्थ त्यावरच तर बनतो.

ब्रॉयलर म्हणजे ओव्हनचंच दुसरं नाव, असंही अनेकांना वाटतं. ओव्हन चहूबाजूंनी गरम हवेनं भाजतो, तर ब्रॉयलर ही उलटी टांगलेली शेगडी. आच थेट वरून. तो आधी चांगला तापू द्यावा. धातूचाच ट्रे घ्यावा. काचेचं भांडं इथे तडकू शकतं आणि बेकिंगचा कागद पेट घेऊ शकतो. लोणी लावलेले स्कॅलप एकमेकांना न चिकटवता मांडून, वरच्या आचेपासून साधारण १० सेंटिमीटरवर ठेवावेत. 'यू-१०' म्हणजे पौंडाला दहाहून कमी बसणारे मोठे स्कॅलप ६ ते ८ मिनिटांत होतात, लहान त्याच्या निम्म्या वेळात.

'वरून खरपूस झालं की रस आत कोंडतो' हे मात्र खरं नाही. त्या तांबूस थरातून पाणी आरामात बाहेर येतं. खरपूसपणा चवीसाठी. तो यायला पृष्ठभाग १०० अंशांच्या बराच वर तापावा लागतो आणि वर ओल असेपर्यंत ते होत नाही. टिपण्याचा खटाटोप त्यासाठी.

'अजून पाच मिनिटं राहू दे, मऊ होतील' हा मटणाचा हिशोब. मटणातले चिवट तंतू शिजून विरघळतात. स्कॅलप मुळातच मऊ असतो. जास्त शिजवला की आकसतो आणि स्वतःचं पाणी पिळून टाकतो. मधला भाग काचेसारखा न दिसता मोतिया झाला की लगेच बाहेर.

ट्रेच्या तळाशी आता डबकं नसतं. लोणी आणि रस मिळून चमचाभर तांबूस काहीतरी उरतं. त्यावर लिंबू पिळून ते गरम भातावर घेते. मैत्रिणीनं विचारलंच तर अर्धा चमचा तिला.