परदेशी नोकरीचा खर्च कोणी सोसावा?

घरातील तरुणाला परदेशी नोकरीचे पत्र आले की इंदूरच्या तुकोगंजात काय किंवा कोकणातल्या खेड्यात काय, आनंदापाठोपाठ पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. परंतु खर्च किती, हे विचारण्याआधी तो कोणाचा, हे विचारणे अधिक शहाणपणाचे ठरते. मालकाच्या आधारावर मिळणाऱ्या व्हिसाच्या खर्चाचे तीन वाटे पडतात.

पहिला वाटा उमेदवाराचा. दहा वर्षांच्या ३६ पानी पासपोर्टाची साधी फी १,५०० रुपये आहे. शिवाय प्रमाणपत्रांचे साक्षांकन व वैद्यकीय तपासणी असते. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला आखाती देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारची परवानगी व विमा घ्यावा लागतो. दोन वर्षांच्या या विम्याचा हप्ता अवघा २७५ रुपये असून अपघाती मृत्यू अथवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण मिळते.

दुसरा वाटा मध्यस्थाचा. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये परदेशी भरतीचा व्यवसाय नोंदणीकृत एजंटालाच करता येतो. नियमांनी त्याच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये ठरविली असून त्यावर कर तेवढा वेगळा. ‘व्हिसाचे पैसे’ म्हणून लाख-दोन लाख मागितले जातात, तेव्हा ही मर्यादा ठाऊक असणे उपयोगी पडते.

तिसरा वाटा मालकाचा, आणि गफलत होते ती येथेच. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याने भरतीचा खर्च कामगाराकडून प्रत्यक्ष वा आडमार्गाने वसूल करण्यास मनाई केली आहे. ब्रिटनमध्येही परदेशी माणूस नेमल्याबद्दलचा ‘कौशल्य आकार’ मालकानेच भरावयाचा असतो. तो नोकराच्या माथी मारता येत नाही. मात्र तेथील आरोग्य अधिभार अर्जदाराच्या नावे पडतो. २०२४ च्या फेब्रुवारीत तो वर्षाला १,०३५ पौंड झाला. तो संपूर्ण मुदतीचा एकदम भरावा लागत असल्याने त्या दराने तीन वर्षांचे ३,१०५ पौंड होतात. आरोग्यसेवेच्या व्हिसावर जाणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना तो माफ आहे.

मालकाचा वाटा कामगाराने उचलला, तर नुकसान केवळ पैशांचे होत नाही. दागिने गहाण टाकून गेलेला मनुष्य पगार थकला तरी बोलत नाही आणि छळ झाला तरी परतत नाही. कारण कर्ज त्याच्या आधी घरी पोहोचलेले असते. म्हणून पैसे देण्यापूर्वी प्रत्येक रकमेचा तपशील लेखी घ्यावा, एजंटाची नोंदणी सरकारी यादीत पडताळावी आणि पावतीवाचून रुपयाही देऊ नये.