चव गेली ती औषधांनी, हट्टाने नव्हे

सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय असो की सावंगी मेघेचं विनोबा भावे रुग्णालय, कर्करोगाच्या रुग्णासाठी घरून मायेने डबा येतो आणि पुष्कळदा दोन घास खाऊन झाकला जातो. मग कुणी म्हणतं, ‘चव गेली म्हणजे दुखणं वाढलं.’ कुणी म्हणतं, ‘मनावर घेतलं तर खाता येतं.’ दोन्ही समजुती रुग्णाला फार त्रास देतात.

चव ओळखणाऱ्या जिभेवरच्या पेशी साधारण 10 दिवसांत झडून नव्या येतात. किमोचा मारा भराभर वाढणाऱ्या पेशींवर असतो, त्यात याही सापडतात. सिसप्लॅटिनसारख्या औषधाने तोंडात धातूची चव रेंगाळते. तोंडाला किंवा गळ्याला शेक (रेडिएशन) दिला की लाळही आटते, आणि लाळेत विरघळल्याशिवाय अन्नाची चव कळत नाही. शेकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वरणभात मातीसारखा लागू लागतो तो यामुळे. केवळ चव गेली म्हणून रोग बळावला असं होत नाही, आणि यात हट्टही नसतो.

‘आजारी माणसाला फिकंच द्यावं’ हे पथ्य तर इथे उलटंच पडतं. तोंडात फोड नसतील तर लिंबू, आमसूल, चिंच, पुदिना, भरपूर सांभार (कोथिंबीर) यांनी चव उठते, आंबटाने लाळही सुटते. फोड असतील तर मात्र आंबट, तिखट, गरम सारं बंद. मऊ खिचडी, केळं, घट्ट वरण बरं. धातूची चव येत असेल तर स्टीलचा चमचा बाजूला ठेवून लाकडी किंवा प्लास्टिकचा घ्यावा. मटण-कोंबडी कडू लागली तर अंडं, पनीर, दही, मुगाचं धिरडं यांतून प्रथिनं मिळतात. चवीचा मोठा भाग वासातून येतो, म्हणून फोडणीच्या वासाने मळमळणाऱ्याला स्वयंपाकघरापासून दूर बसवावं आणि जेवण कोमट किंवा गार करून वाढावं. जेवणाआधी लिटरभर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून चुळा भराव्यात. त्या गिळायच्या नाहीत. नावडता झालेला पदार्थ दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा देऊन पाहावा, आवड बदलते.

‘साखर कर्करोगाला पोसते’ म्हणून खीर तोडणारी घरं आहेत. साखर शरीरातली प्रत्येक पेशी वापरते. ती बंद करून गाठ उपाशी मरत नाही, माणूस मात्र वाळतो. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर सांगतील तसं.

वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, वर्धा जिल्ह्याला तिचा अभिमान आहे आणि भाजीत ती खुशाल घालावी. पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल वेगळ्या. त्या काही औषधांच्या कामात अडथळा आणू शकतात, म्हणून किमो चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

सर्वांत घातक समजूत खर्ऱ्याची. ‘तेवढ्यानं तोंडाला चव येते’ म्हणून उपचार चालू असताना गुपचूप पुडी आणून दिली जाते, देणारा बहुधा जवळचाच असतो. खर्ऱ्यातल्या सुपारी, चुना, तंबाखू यांनी आधीच सोललेलं तोंड आणखी चिघळतं आणि तोंडात दुसरा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. तंबाखू काढून नुसती सुपारी दिली तरी सुटका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे.

चव कायमची गेली असंही धरून बसू नये. किमो संपल्यावर ती बहुतेकांना काही आठवड्यांत, तर काहींना काही महिन्यांत परत येते. शेकानंतर कधी वर्षभर लागतं आणि काहींना ती पूर्वीइतकी येत नाही. जिभेवर पांढरा थर दिसला तर बुरशी असू शकते, ती औषधाने जाते. वजन घटत असेल किंवा पाणीही गिळवत नसेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना गाठा.