कोल्हापूरची अक्षय ऊर्जा, अभियंते आणि एआय : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाणी, ऊन, वारा आणि शेतीतला जैवभार यांपासून वीज किंवा इंधन तयार करणे, ते साठवणे आणि ग्राहकापर्यंत पोहोचवणे, या सगळ्या तांत्रिक कामाला अक्षय ऊर्जा अभियांत्रिकी म्हणतात. जागेची निवड, आराखडा, उभारणी, चाचणी, देखभाल आणि वीज ग्रिडच्या जाळ्यात सोडण्याचे वेळापत्रक हे या कामाचे टप्पे आहेत. यातला प्रत्येक टप्पा कोल्हापूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत प्रत्यक्ष चालू आहे. तरीही बारावीनंतर शाखा निवडताना या क्षेत्राविषयी बरेच अपुरे समज आड येतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे एआयच्या, चर्चेने त्यांत नव्या समजांची भर पडली आहे. त्यांतले महत्त्वाचे समज आणि त्यामागची वस्तुस्थिती अशी.

गैरसमज १ : अक्षय ऊर्जा म्हणजे छतावरचे सौर पॅनेल.

वस्तुस्थिती : कोल्हापुरात अक्षय ऊर्जेची सुरुवात पाण्यापासून झाली. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले. ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले आणि त्याच्या पायथ्याशी वीजघर उभे राहिले. दूधगंगा प्रकल्पाच्या वीजघराची क्षमता २४ मेगावॅट आहे. तिलारीचे पाणी चंदगडच्या माथ्यावर अडवून घाटाच्या पायथ्याशी वीज तयार केली जाते. जवळच्या सातारा जिल्ह्यातील कोयना प्रकल्प सुमारे १,९६० मेगावॅटचा आहे. संध्याकाळी राज्याची मागणी वाढते, तेव्हा त्याचे संच काही मिनिटांत पूर्ण भार उचलू शकतात.

दुसरा मोठा स्रोत ऊस. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, निघतो आणि त्यात निम्मे पाणी असते. पूर्वी कारखाने कमी दाबाच्या बॉयलरमध्ये तो जाळून स्वतःपुरती वाफ आणि वीज काढत. सहवीजनिर्मिती प्रकल्पांत ६७, ८७ किंवा ११० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाचे बॉयलर आले. त्यामुळे तेवढ्याच बगॅसमधून कारखान्याची गरज भागून उरलेली वीज विकता येऊ लागली. जिल्ह्यातील अनेक साखर कारखान्यांकडे असे प्रकल्प आहेत. मळीपासून इथेनॉल आणि प्रेसमडपासून (रस गाळून उरलेल्या गाळापासून) बायोगॅस हे याच साखळीतले पुढचे दुवे आहेत.

वाऱ्याचा पट्टा थोडा पुढे लागतो. साताऱ्यातील वनकुसवडे पठार आणि सांगली जिल्ह्यातील ढालगाव-जत भागात पवनचक्क्या उभ्या आहेत. पावसाळ्यात ऊन कमी मिळते, पण त्याच महिन्यांत वारा जोर धरतो. गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो. त्यामुळे वर्षाच्या वेगवेगळ्या काळात वेगवेगळे स्रोत पुढे येतात. त्यांचा मेळ घालणे हे अभियंत्याचेच काम.

गैरसमज २ : या क्षेत्रासाठी ‘अक्षय ऊर्जा’ नावाचीच पदवी लागते.

वस्तुस्थिती : या क्षेत्रातली बहुतेक कामे मूळ शाखांचे अभियंते करतात. सौर प्रकल्पाचे केबल, इन्व्हर्टर, रोहित्र आणि संरक्षण व्यवस्था विद्युत अभियंता पाहतो. बॉयलर, टर्बाइन आणि पवनचक्कीचा गिअरबॉक्स यांत्रिकी अभियंत्याकडे असतो. धरण, पाया, जमिनीचा उतार आणि छताची ताकद स्थापत्य अभियंत्याला तपासावी लागते. नियंत्रण आणि मापन यंत्रणा इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाशिवाय चालत नाही, तर इथेनॉल आणि बायोगॅसचे प्रकल्प रसायन अभियंत्यावर अवलंबून असतात.

या शाखांचे शिक्षण घराजवळ मिळते. कोल्हापुरात १९८३ पासूनचे केआयटी आणि शासकीय तंत्रनिकेतन आहे, इचलकरंजीत डीकेटीई आहे आणि सांगलीत १९४७ साली सुरू झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग थिन फिल्म संशोधनासाठी ओळखला जातो. नव्या सौर घटांचे आणि ऊर्जा साठवणाऱ्या पदार्थांचे काम याच संशोधनातून पुढे जाते. म्हणजे बीएस्सी-एमएस्सीची वाटही इकडे येते. पदविका आणि आयटीआय झालेल्यांसाठी केंद्र सरकारचा ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण कार्यक्रम २०१५ पासून आहे. कारखान्यांच्या वीजवापराचे परीक्षण करायचे असेल, तर ऊर्जा दक्षता ब्यूरोची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा उपयोगी पडते.

गैरसमज ३ : ऊन जितके कडक, तितकी वीज जास्त, आणि एक किलोवॅटचे पॅनेल दिवसभर एक किलोवॅट वीज देते.

वस्तुस्थिती : सौर पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. एप्रिलच्या दुपारी पॅनेलचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत गेला, तर केवळ तापमानामुळे १० ते १४ टक्के घट येते. आकाश निरभ्र आणि हवा थंड असेल तेव्हा पॅनेल सर्वांत चांगले काम करते.

छतावरचा एक किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारच्या आसपास युनिट देतो. जुलैत गगनबावडा-राधानगरीच्या पट्ट्यात हा आकडा बराच खाली येतो, तर शिरोळच्या सपाट भागात तितका येत नाही. म्हणून एकाच जिल्ह्यात दोन ठिकाणांसाठी एकच गणित चालत नाही. ग्राहकाला खरा आकडा सांगणे हा या व्यवसायातल्या प्रामाणिकपणाचा पाया आहे.

क्षमता आणि प्रत्यक्ष उत्पादन यांतला हा फरक देशाच्या पातळीवरही दिसतो. २०२५ च्या मध्यावर भारताच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचला. प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत मात्र कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास राहिला. हे अंतर भरून काढायला साठवण, पारेषण आणि अचूक नियोजन लागते आणि पुढच्या काळातले बरेचसे अभियांत्रिकी काम तिथेच आहे.

गैरसमज ४ : या कामासाठी गुजरात-राजस्थान गाठावे लागते, कोल्हापुरात काय आहे?

वस्तुस्थिती : हजारो एकरांवरचे सौर प्रकल्प तिकडे आहेत हे खरे. पण काम केवळ प्रकल्पाच्या आकारावर ठरत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्रींच्या विद्युत भट्ट्यांना प्रचंड वीज लागते आणि वीजबिल हा त्यांच्या खर्चाचा मोठा भाग असतो. अशा उद्योगासाठी भट्टीच्या वेळा, छताची ताकद आणि खुल्या प्रवेशातून, म्हणजे ओपन अॅक्सेसमधून, थेट उत्पादकाकडून मिळणारी वीज यांचा हिशेब मांडावा लागतो. इचलकरंजीच्या यंत्रमागांचीही गरज तशीच आहे. ‘गोकुळ’ दूध संघाने तर सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात सौर प्रकल्प उभारून तिथली वीज आपल्या वापरासाठी आणण्याचा मार्ग घेतला.

घरगुती पातळीवर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजने’त तीन किलोवॅट आणि त्यापुढच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत केंद्रीय अनुदान मिळते. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ मध्ये उपकेंद्रांजवळ अर्धा ते २५ मेगावॅटचे सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज देण्याचे काम राज्यभर चालू आहे. भुदरगड तालुक्यातील पाटगाव परिसरात २,१०० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत (पाणी वर चढवून वीज साठवणारा) प्रकल्प प्रस्तावित असून स्थानिकांचा त्याला विरोध आहे. पाणी, जंगल आणि गावकऱ्यांचे हक्क समजून न घेता केलेला आराखडा कागदावरच राहतो, हे अभियंत्याने शिकण्यासारखे आहे.

गैरसमज ५ : एआय आले की अभियंत्यांच्या नोकऱ्या जाणार.

वस्तुस्थिती : नोकरी हा अनेक कामांचा संच असतो. त्यातली काही कामे एआय भराभर करते, काही अजिबात करू शकत नाही. सर्वांत आधी बदलतात ती संगणकाच्या पडद्यावरची, पुन्हापुन्हा करावी लागणारी कामे. उपग्रहाच्या छायाचित्रावरून छताचे मोजमाप, पॅनेलची मांडणी, सावलीचा अंदाज, साहित्याची यादी आणि निविदेचा पहिला मसुदा ही त्यांची उदाहरणे. फक्त एवढ्यावर उभी असलेली पदे कमी होतील, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्याच वेळी नवे काम तयार होते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार मोठ्या सौर आणि पवन प्रकल्पांना उत्पादनाचा अंदाज आधी द्यावा लागतो. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागासाठी आकडा कळवायचा असतो. प्रत्यक्ष उत्पादन ठरावीक मर्यादेपलीकडे चुकले, तर शुल्क भरावे लागते. ढगांची हालचाल, वाऱ्याचा वेग आणि मागचे उत्पादन यांवरून असे अंदाज बांधण्यात एआय उपयोगी ठरते. गुगलच्या डीपमाइंडने अमेरिकेतील ७०० मेगावॅट पवनक्षमतेवर असा प्रयोग केला. ३६ तास आधीच्या अंदाजामुळे त्या विजेचे मूल्य सुमारे २० टक्क्यांनी वाढल्याचे २०१९ साली जाहीर झाले.

देखभालीतही बदल होतो आहे. थर्मल कॅमेरा लावलेला ड्रोन पॅनेलवरून फिरतो आणि संगणक तापलेले घट शोधतो. पवनचक्कीच्या कंपनांवरून बेअरिंग बिघडण्याची चाहूल आधीच लागते. साखर कारखान्यात बगॅसची आर्द्रता, बॉयलरची हवा आणि वाफेची मागणी यांचा मेळ घालायला अशीच प्रणाली मदत करते. मात्र संशयित पॅनेल प्रत्यक्ष तपासणे, सैल जोड घट्ट करणे, बॉयलर कधी थांबवायचा हे ठरवणे, ही कामे माणसालाच करावी लागतात.

गैरसमज ६ : एआयला भरपूर डेटा दिला की त्याचे उत्तर बरोबरच येते.

वस्तुस्थिती : एआय मागच्या नोंदींवरून शिकते. नोंदींत जे नाही, ते त्याला ठाऊक नसते. राजस्थानच्या धुळीवर शिकलेली प्रणाली कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणाला आणि गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून उडून पॅनेलवर बसणाऱ्या राखेला तशीच लागू पडत नाही. पॅनेल कधी धुवायचे, याचे उत्तर त्यामुळे चुकू शकते.

पुराचे उदाहरण याहून गंभीर आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट धरली जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि वीज उपकेंद्रेही बाधित झाली. फक्त सामान्य वर्षांच्या नोंदी पाहणारी प्रणाली नदीकाठची सपाट, स्वस्त जमीन सौर प्रकल्पाला उत्तम ठरवील. इन्व्हर्टर आणि रोहित्र किती उंचीवर बसवायचे, हे पूररेषा पाहून आणि गावातल्या जुन्या माणसांना विचारून ठरवावे लागते. जुन्या शेडच्या सिमेंटच्या पत्र्यावर पॅनेलचे ओझे आणि वाऱ्याचा उचल-दाब पेलेल का, हेही छायाचित्रात दिसत नाही. त्यासाठी शिडी लावून वर जावे लागते.

गैरसमज ७ : आता मूळ अभियांत्रिकीपेक्षा कोडिंग शिकणे महत्त्वाचे.

वस्तुस्थिती : पायथन, आकडेवारीची हाताळणी आणि एआय साधनांचा सराव यांचा फायदा निश्चित होतो. पण त्यांचे उत्तर तपासायला भौतिकशास्त्र लागते. एखाद्या प्रणालीने तीन किलोवॅटच्या संचातून दिवसाला ४० युनिटचा अंदाज दिला, तर तो चुकीचा आहे हे सरासरी बारा युनिटचे साधे गणित येणाऱ्याला लगेच कळते. ज्याला ते येत नाही, तो तोच आकडा ग्राहकाला सांगतो.

म्हणून शिकण्याचा क्रम महत्त्वाचा. विद्युत परिपथ, उष्मागतिकी, पदार्थांची ताकद आणि मापन हे आधी पक्के करायचे. नंतर आराखड्याची सॉफ्टवेअर, नोंदींचे विश्लेषण आणि एआय साधने घ्यायची. सोबत साखर कारखाना, फाउंड्री किंवा सौर प्रकल्पावर प्रत्यक्ष काम करायचे. कारखान्यातला एक गळीत हंगाम बॉयलर आणि टर्बाइनविषयी जे शिकवतो, ते वर्गात मिळत नाही.

गैरसमज ८ : ऊर्जा क्षेत्रासाठी एआय हे फक्त एक साधन आहे; त्याचा विजेच्या मागणीशी संबंध नाही.

वस्तुस्थिती : एआय चालवणाऱ्या डेटा सेंटरना अखंड वीज लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जागतिक वीजवापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा वापर ९४५ अब्ज युनिटच्या आसपास जाईल, असा संस्थेचा होरा आहे. मुंबई-नवी मुंबई हे भारतातले डेटा सेंटरचे मोठे केंद्र असल्याने ही मागणी महाराष्ट्राच्याही वाट्याला येते. ती स्वच्छ विजेतून भागवायची तर दिवसाची सौरवीज रात्रीसाठी साठवावी लागेल. त्यामुळे बॅटरी, उदंचन जलविद्युत आणि जाळ्याचे नियंत्रण या विषयांतल्या अभियंत्यांची गरज वाढेल.

गैरसमज ९ : निर्णय एआयने घेतला, तर जबाबदारीही त्याचीच.

वस्तुस्थिती : ऊन आहे तोवर सौर पॅनेलमधला विद्युतदाब बंद करता येत नाही. मोठ्या प्रकल्पांत तो १,००० ते १,५०० व्होल्ट डीसीपर्यंत असतो आणि डीसीची ठिणगी सहजासहजी विझत नाही. जोडणी चुकली तर आग लागते, माणूस दगावतो. म्हणूनच विद्युत कामासाठी परवानाधारक ठेकेदार आणि पर्यवेक्षक लागतात. आराखड्यावर आणि चाचणी अहवालावर माणसाची सही असते, कायदा त्या माणसालाच विचारतो. एआयने सुचवलेले उत्तर स्वीकारण्याआधी गणित तपासणे, जागेवर जाऊन मोजणे आणि शंका असेल तर काम थांबवणे ही या व्यवसायाची जबाबदारी आहे. ही जबाबदारी पेलण्याची तयारी असलेल्या अभियंत्याला अक्षय ऊर्जेत पुढची अनेक वर्षे काम आहे आणि ते कोल्हापुरातही आहे.